घोड्याच्या पायातील सांध्यांची झीज : समजून घेऊ, सांभाळून घेऊ

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि विभागवार कामाचा आढावा यांबरोबरच एखाद्या आजाराची सविस्तर माहिती द्यावी, असा आमचा प्रघात आहे. दात्यांना आपल्या देणगीचे नेमके काय होते हे कळावे आणि जनावर घेऊन आमच्या दारी येणाऱ्या कुटुंबांना घरी उपयोगी पडेल असे काही हाती लागावे, हा त्यामागील हेतू. यंदा आम्ही घोड्याच्या पायाच्या खालच्या सांध्यांची झीज हा विषय निवडला आहे. इंग्रजीत या आजारास ‘रिंगबोन’ म्हणतात. आजार जुना झाला की खुराच्या वर हाडाची वाढ कड्यासारखी हाताला लागते, त्यावरून हे नाव पडले.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आमच्याकडे येणारे घोडे बहुधा कष्टकरी असतात. कोणी थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरतो, कोणी लग्नसराईत नवरदेवाला मिरवतो, कोणी टांगा ओढतो, तर कोणी शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त होऊन दुसऱ्या हाती गेलेला असतो. अशा घोड्याचा पाय दुखू लागला की त्याच्या वेदनेबरोबरच एका घराची चूल अडचणीत येते. हा आजार पूर्णपणे बरा होणारा नाही. परंतु वेळेवर ओळखला आणि नेटाने सांभाळला तर घोडा पुढे कित्येक वर्षे सुखाने चालू शकतो. या सांभाळण्यात शस्त्रक्रियेचा वाटा थोडा आणि खुरांची निगा, कामाची आखणी व विश्रांती यांचा वाटा फार मोठा आहे. एवढी एक गोष्ट वाचकांच्या मनावर ठसली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

पायाची रचना

घोडा एका बोटावर चालतो, असे सांगितले तर अनेकांना नवल वाटते. आपल्या हाताच्या मधल्या बोटाशी तुलना केली की हे सहज उमगते. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते वास्तविक आपले मनगट होय. त्याखालची लांब नळी म्हणजे तळहाताचे एक हाड, आणि त्याखाली उरते ते एकच बोट. या बोटाला आपल्या बोटाप्रमाणेच तीन पेरे असतात. पहिले पेर लांब, दुसरे आखूड आणि तिसरे पूर्णपणे खुराच्या आत. खूर म्हणजे त्या बोटाचे जाड नख.

पहिल्या व दुसऱ्या पेरामधील सांध्यास पास्टर्न सांधा आणि दुसऱ्या व तिसऱ्या पेरामधील सांध्यास कॉफिन सांधा म्हणतात. कॉफिन सांधा खुराच्या वरच्या कडेच्या आत दडलेला असल्याने तो बाहेरून नीट दिसत नाही की हाताला लागत नाही. या लेखात ज्या झिजेविषयी आम्ही लिहीत आहोत ती याच दोन सांध्यांची. पास्टर्न सांध्याची झीज ती वरची रिंगबोन आणि कॉफिन सांध्याची झीज ती खालची रिंगबोन, असा भेद करतात.

गुडघ्याखाली घोड्याच्या पायात मांसल स्नायू जवळजवळ नसतात. असतात ती हाडे, कंडरा, अस्थिबंध आणि कातडी. धक्का शोषून घेण्याचे काम खूर, कंडरा आणि सांध्यांतील कूर्चा यांनाच करावे लागते. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. हा आजार पुढच्या पायांत अधिक आढळतो, याचे एक कारण हेच.

झीज कशी होते

निरोगी सांध्यात हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढविलेली असतात आणि दोन्हींच्या मध्ये वंगणासारखा दाट द्रव असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण या द्रवातून होते आणि सांध्याच्या हालचालीमुळे तो द्रव तिच्यात झिरपतो. रक्तपुरवठा नसल्यामुळे एकदा झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही. कातडीची जखम भरते, मोडलेले हाड सांधते. कूर्चेचे तसे होत नाही. हा आजार सांभाळावा लागतो, मुळापासून काढता येत नाही, त्याचे कारण येथे आहे.

वारंवार बसणारे धक्के, पाय मुरगळणे, अस्थिबंध ताणले जाणे किंवा सांध्यापर्यंत पोहोचलेली जखम यांमुळे सांध्याच्या आवरणास सूज येते. सुजेबरोबर स्रवणारी द्रव्ये कूर्चेला कुरतडतात आणि वंगणाचा दाटपणा कमी करतात. कूर्चा खडबडीत झाली की घर्षण वाढते. घर्षण वाढले की सूज वाढते. कूर्चेखालचे हाड ताठर होत जाते आणि सांध्याच्या कडांना हाडाचे काटे फुटू लागतात. हे सारे काही महिन्यांत किंवा वर्षांत हळूहळू घडते. घोडा लंगडताना प्रथम दिसतो, तेव्हा आजाराचा आरंभ बहुधा केव्हाच होऊन गेलेला असतो.

पास्टर्न सांध्याच्या बाबतीत निसर्ग कधी कधी स्वतःच तोड काढतो. दोन्ही हाडे एकमेकांना जुळून सांधा बंद होतो आणि दुखणे थांबते. या सांध्यात मुळातच हालचाल थोडी असल्याने तो जुळला तरी घोड्याच्या चालीत फारसे बिघडत नाही. परंतु असे आपोआप जुळणे बेभरवशाचे असते, त्यास दीर्घ काळ लागतो आणि तोवर घोडा वेदना सोसत राहतो. कॉफिन सांध्यात हालचाल अधिक. म्हणून तेथील झीज अधिक त्रासदायक आणि तिचे भवितव्यही अधिक कठीण.

कोणत्या घोड्यांना धोका अधिक

काही घोड्यांच्या पायांची ठेवण जन्मतःच अशी असते की सांध्यावर भार तिरका पडतो. पेरे फार उभी असणे, खुरे आत किंवा बाहेर वळलेली असणे, ही त्याची उदाहरणे. ठेवण आपण बदलू शकत नाही. पण घोडा विकत घेताना ती पाहू अवश्य शकतो. सारंगखेड्याच्या किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत घोडा पारखताना रंग, भोवरे आणि चाल यांची चर्चा तासन्‌तास चालते. त्याच वेळी घोडा समोरून सपाट जमिनीवर उभा करून त्याची चारही खुरे न्याहाळली, तर पुढचा बराच खर्च वाचेल.

कामाचे स्वरूप हे दुसरे कारण. झटकन थांबणे, जागच्या जागी वळणे आणि उंचसखल जमिनीवर पाय पिळवटणे यांचा ताण पास्टर्न सांध्यावर विशेष पडतो. पोलो आणि शर्यतीच्या घोड्यांत हे घडते, तसेच डोंगरवाटेवर चढ-उतार करणाऱ्या घोड्यांतही घडते. माथेरानमध्ये मोटारींना मज्जाव असल्याने दस्तुरीपासून पुढे माणसे आणि सामान वाहण्याचे काम घोड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. तांबड्या मातीच्या वाटा पायाला मऊ असतात, तर फरसबंदीवर आणि पेव्हर ब्लॉकवर नाल घसरते आणि धक्काही जोराचा बसतो. मिरवणुकीत वाद्यांच्या तालावर नाचविल्या जाणाऱ्या घोड्यांचा भार मागच्या पायांवर येतो आणि तोही डांबरी रस्त्यावर. अशा घोड्यांचे मागचे पायही आम्ही तितक्याच काळजीने तपासतो.

तिसरे कारण खुरांची हेळसांड. हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगे आहे. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. वेळेवर छाटले नाही तर त्याचे पुढचे टोक लांबते. घोडा पाऊल उचलतो तेव्हा या लांब टोकावरून त्यास जणू पहारीने स्वतःचे वजन उपटावे लागते आणि तो सारा जोर वरच्या दोन सांध्यांवर येतो. खुराची एक बाजू उंच राहिली, तर प्रत्येक पावलाला तीच बाजू आधी जमिनीवर आदळते आणि सांधा एका अंगाने दाबला जातो. दिवसाला हजारो पावले टाकणाऱ्या घोड्याचे यामुळे किती नुकसान होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

लक्षणे आणि तपासणी

आरंभी लक्षणे सौम्य असतात. घोडा सकाळी तबेल्यातून निघताना आखडलेला वाटतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. पावले आखूड पडतात. वळताना तो कुरकुरतो, उतारावर बिचकतो, खडीवर पाय जपून टाकतो. पुढे तो स्पष्टपणे लंगडू लागतो. पुढचा पाय दुखत असल्यास, दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली टाकतो. ही खूण दुडक्या चालीत उत्तम दिसते. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर मान हलत नाही. घोडा केवळ ‘मंदावलेला’ दिसतो आणि मग त्यास आळशी ठरवून चाबूक दाखविला जातो. कुटुंबीयांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

खुराच्या वर हाडाचा फुगवटा दिसू लागणे, ही उशिराची खूण होय. प्रत्येक फुगवटा हा सांध्याचाच आजार असतो असेही नाही. सांध्याबाहेर मार लागून वाढलेले हाड पुढे त्रास देत नाही, असेही घडते. खुराच्या दोन्ही बाजूंच्या कूर्चा वयोमानाने हाडासारख्या कठीण होतात. तोही प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो.

तपासणीच्या वेळी आम्ही प्रथम घोडा उभा असताना पाहतो, नंतर कठीण आणि मऊ अशा दोन्ही जमिनींवर, सरळ रेषेत आणि वर्तुळात चालवून पाहतो. लंगडण्याची तीव्रता ० ते ५ अशा श्रेणीत नोंदविली जाते. खुराला चिमट्याने ठिकठिकाणी दाबून आत पू झाला आहे का, नालेचा खिळा लागला आहे का, हे पाहतो. कारण अचानक उद्भवलेल्या तीव्र लंगडेपणाचे कारण अनेकदा खुरातील गळूच असते. मग सांधा सुमारे एक मिनिट दुमडून धरतो आणि लगेच घोड्यास पळवितो. लंगडणे वाढले तर शंका बळावते.

दुखण्याची जागा निश्चित करण्यासाठी बधिर करणारे इंजेक्शन पायाच्या खालच्या भागापासून क्रमाक्रमाने वर देत जातात. ज्या इंजेक्शननंतर घोडा नीट चालू लागतो, तेथे दुखण्याचे मूळ असते. दात्यांना आणि कुटुंबीयांना हा प्रकार वेळखाऊ वाटतो. ‘सरळ एक्स-रे का काढत नाही?’ असे आम्हांस नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर असे, की एक्स-रेमध्ये हाडातील बदल दिसतात, वेदना दिसत नाही. चित्रात मोठे बदल असूनही निर्वेध चालणारे घोडे असतात आणि चित्र जवळजवळ निर्दोष असूनही लंगडणारे घोडे असतात. एक्स-रे आवश्यक आहेच. परंतु तो तपासणीनंतर, योग्य जागेचा आणि अनेक कोनांतून काढलेला हवा.

उपचार : पहिले पाऊल खुराचे

निदान झाल्यावर आम्ही सर्वप्रथम नालबंदास बोलावतो. खुराचे पुढचे टोक आखूड करणे, दोन्ही बाजू समतोल करणे, टाचेस आधार मिळेल अशी नाल बसविणे आणि नालेची पुढची कड गोलसर करणे, जेणेकरून पाऊल सहज उचलले जाईल, या उपायांचा हेतू एकच : प्रत्येक पावलाला सांध्यावर येणारा ताण कमी व्हावा. एकदा छाटून हे काम संपत नाही. साधारणपणे दर ६ आठवड्यांनी ते पुन्हा करावे लागते आणि घोडा असेपर्यंत करीत राहावे लागते. अनेक महिने वाढलेले खूर एका बैठकीत कापून ‘सरळ’ करणेही अहितकारक. ते टप्प्याटप्प्याने दुरुस्त करावे. कुशल नालबंद हा आमच्या दृष्टीने वैद्यकीय पथकाचाच सदस्य आहे.

विश्रांती आणि काम

सूज ताजी असताना विश्रांती हवी. परंतु विश्रांती म्हणजे घोडा महिनोन्‌महिने दावणीला बांधून ठेवणे नव्हे. कूर्चेचे पोषण हालचालीवर अवलंबून असल्याने, तीव्र अवस्था ओसरल्यावर मऊ, सपाट जमिनीवर सावकाश चालविणे हितकर ठरते. आरंभी दिवसातून दोनदा थोडा वेळ आणि मग हळूहळू वाढवीत न्यावे. वळणे मोठी घ्यावीत. लहान वर्तुळात फिरविणे टाळावे.

पाठीवरील वजन हा नाजूक विषय आहे, पण तो टाळून चालणार नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून अधिक भार नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ३०० किलो वजनाच्या घोड्यासाठी ही मर्यादा ६० किलो होते. ओझे वाहणाऱ्या व ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तट्टावर ७० किलोंहून अधिक ओझे लादता येत नाही, तसेच अशा जनावरांकडून दिवसात ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. हे आकडे धडधाकट जनावरांसाठी आहेत. झिजलेल्या सांध्याच्या घोड्यासाठी ते याहून खाली आणावयास हवेत, हे उघड आहे.

औषधे : उपकारक आणि धोक्याचीही

वेदना व सूज कमी करण्यासाठी फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलॉक्सिकॅम यांसारखी औषधे वापरली जातात. योग्य मात्रेत ती फार उपयोगी आहेत. मात्रा वाढली, दिवस वाढले किंवा घोड्याच्या पोटात पुरेसे पाणी नसले, तर जठर व आतड्यांत व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. अशी दोन औषधे एकाच वेळी कधीही देऊ नयेत. याहून मोठी चूक म्हणजे औषधाने दुखणे दबवून घोडा पुन्हा पूर्ण कामाला जुंपणे. दुखणे कळत नाही म्हणून घोडा पाय जपत नाही आणि सांधा अधिकच झिजतो.

येथे आणखी एक विनंती. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक दुकानातून आणून घोड्यास टोचण्याची सवय काही ठिकाणी आढळते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ मध्ये आणि किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक २०२३ मध्ये आपल्या देशात प्रतिबंधित झाले. अशी औषधे दिलेले जनावर दगावले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर ती मरतात. देशातील गिधाडांचा ऱ्हास प्रामुख्याने याच कारणाने झाला. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय हाती असताना हे पाप माथी घेऊ नये.

तोंडी औषधांनी भागत नसेल तर प्रत्यक्ष सांध्यात स्टेरॉइडचे, कधी त्यासोबत हायलुरॉनिक आम्लाचे इंजेक्शन देतात. त्याचा गुण काही आठवडे ते काही महिने टिकतो. हे काम अत्यंत निर्जंतुक पद्धतीनेच व्हावयास हवे. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर आधीचे दुखणे परवडले असे म्हणण्याची पाळी येते. ग्लुकोसामाइनसारख्या पूरक भुकट्यांच्या उपयोगाचा पुरावा क्षीण आहे. मर्यादित पैसे असलेल्या कुटुंबाने ते नालबंदावर आणि चाऱ्यावर खर्च करावेत, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

शस्त्रक्रिया

पास्टर्न सांध्याच्या हट्टी दुखण्यात, उरलीसुरली कूर्चा काढून धातूची पट्टी व स्क्रू यांच्या साहाय्याने दोन्ही हाडे कायमची जोडता येतात. निसर्ग जे अनेक वर्षांत आणि बेभरवशाने करतो, तेच येथे योजनापूर्वक केले जाते. मागच्या पायात या शस्त्रक्रियेस पुढच्या पायापेक्षा अधिक यश मिळते. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर आणि अनेक महिने विश्रांती लागते. खर्च मोठा आहे. कॉफिन सांध्यासाठी हा मार्ग सहसा उपलब्ध नाही. पायाची जाणीव नेणारी शीर कापून टाकण्याचा सल्लाही कोणी देतात. परंतु ज्या घोड्यास आपले पाऊल कोठे पडले हे कळत नाही, त्यावर डोंगरवाटेने लहान मूल बसविणे आम्हांस मान्य नाही.

डागण्याविषयी

आमच्याकडे येणाऱ्या काही घोड्यांच्या पायांवर तापलेल्या लोखंडाचे चरे असतात. डागल्याने दुखणे पळते, ही समजूत खोल रुजलेली आहे आणि ती मायेपोटीच आलेली असते. परंतु डागण्याने कातडी जळते. आतील कूर्चा तसूभरही सुधारत नाही. डागल्यानंतर घोडा सुधारल्यासारखा वाटतो, तो त्या जखमेमुळे सक्तीने मिळालेल्या विश्रांतीने. तीच विश्रांती न डागताही देता येते.

एका घोडीची हकिगत

थंड हवेच्या ठिकाणाहून आलेल्या एका घोडीचे उदाहरण येथे देतो. तिच्या उजव्या पुढच्या पायावर डागण्याच्या खुणा होत्या आणि हंगामभर वेदनाशामक टोचून तिच्याकडून फेऱ्या करून घेतल्या होत्या. मालकास दोष देणे सोपे होते. पण घरात तीन मुले, कर्जावर घेतलेली घोडी आणि कमाईचे दिवस मोजके, हेही खरे होते. तपासणीत पास्टर्न सांध्याची झीज निश्चित झाली. खुराचे टोक फार वाढलेले होते. तिला आम्ही आमच्या विश्रांती-पागेत ठेवून घेतले, खुरे टप्प्याटप्प्याने दुरुस्त केली, थोडे दिवस औषध दिले आणि मऊ जमिनीवर रोज चालविले. घरच्या थोरल्या मुलास नालबंदाने खूर साफ करण्यास आणि वाढ ओळखण्यास शिकविले. सुमारे तीन महिन्यांनी ती परत गेली. चढाची वाट तिला कायमची बंद झाली. आता ती सपाट रस्त्यावर फक्त लहान मुलांना फिरविते. कमाई पूर्वीपेक्षा कमी आहे, पण ती लंगडत नाही. तिचा सांधा झिजलेला होता तसाच आहे. आमच्या भाषेत यालाच यश म्हणतात.

घरच्यांनी काय करावे

१. रोज खरारा करताना चारही पायांवरून खुरापर्यंत हात फिरवावा. एका पायाचा भाग दुसऱ्यापेक्षा गरम वा सुजलेला लागला, तर त्या दिवशी काम देऊ नये.

२. कामापूर्वी व कामानंतर खुरे उकरून साफ करावीत. दर ६ आठवड्यांनी नालबंदास दाखवावे, मग नाल झिजलेली नसली तरी.

३. सकाळी एकदम कामास न लावता १० ते १५ मिनिटे रिकाम्या पाठीने चालवावे.

४. बसण्या-उठण्याची जागा मऊ व कोरडी ठेवावी. पाणी मुबलक द्यावे.

५. चंदीचा मारा करून घोडा लठ्ठ करू नये. अंगावरचा प्रत्येक जादा किलो सांध्यालाच वाहावा लागतो.

६. लंगडणे दोन दिवसांहून अधिक टिकल्यास दाखवावयास आणावे. घोडा पाय टेकवीतच नसेल, तर त्याच दिवशी आणावे.

७. कोणते औषध, किती आणि केव्हा दिले, हे वहीत लिहून ठेवावे व येताना ती वही आणावी.

निर्णयाची वेळ

सर्व उपाय करूनही काही घोड्यांची वेदना आटोक्यात येत नाही. घोडा बहुतेक वेळ पडून राहतो, खाणे टाकतो, उभे राहताना थरथरतो. अशा वेळी त्यास शांतपणे निरोप देणे हाच दयेचा मार्ग असतो. हा निर्णय आम्ही कुटुंबावर लादत नाही. त्यांच्याशी बोलतो, वेळ देतो आणि सोबत राहतो. काम करण्यास असमर्थ झालेल्या आजारी जनावरास कामास जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही आम्ही सांगतो. परंतु आमचा अनुभव असा, की कायद्याच्या धाकापेक्षा ‘हा दुखतोय’ हे मालकास नेमके दाखवून देणे अधिक परिणामकारक ठरते. घोड्याला घरचा मानणारा माणूस ते समजून घेतो.

दात्यांच्या चरणी

यंत्रसामग्रीसाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते आणि ते यंत्र वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहते. गवताच्या पेंढीवर नाव कोरता येत नाही. तथापि या आजारापुरते बोलावयाचे, तर सर्वांत गुणकारी औषध म्हणजे विश्रांती. आणि गरीब कुटुंबास सर्वांत महाग पडणारे औषधही तेच. घोडा उभा राहिला तरी त्याला चारा लागतो आणि त्याच दिवसांत घरात पैसा येत नाही. म्हणून पुष्कळ घोडे अर्धवट बरे होऊन कामावर परततात आणि काही महिन्यांनी अधिक बिघडून आमच्याकडे येतात.

आमची विश्रांती-पागा, नालबंदाचे मानधन आणि रुग्ण घोड्यांचा चारा-खुराक हे खर्च या अहवालाच्या जमाखर्चात लहानशा ओळींत दिसतील. वाचकांनी त्या ओळींवर थोडे थांबावे, एवढीच आमची प्रार्थना. त्या ओळींतील प्रत्येक रुपया एखाद्या घोड्याच्या वाट्यास विश्रांतीचा दिवस आणतो आणि एखाद्या कुटुंबास ‘आजच्या दिवस चालवू दे, उद्या पाहू’ असे म्हणण्याच्या लाचारीतून सोडवितो. ज्या दात्यांनी आजवर हा भार उचलला, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. ज्या कुटुंबांनी आमच्या सल्ल्यावर विश्वास ठेवून तोट्याचे दिवस सोसले, त्यांचे ऋण त्याहून अधिक आहे. कारण या आजारात खरी सेवा रुग्णालयात थोडी आणि त्यांच्या तबेल्यात रोज घडत असते.